लिनक्सवर प्रोग्राम पोचवताना: सोबत दिलेल्या लायब्रऱ्या आणि प्लगिन लोडरला सापडत का नाहीत?

म्हापसा_काउंटर
नमस्कार मंडळी. काजू आणि सुक्या मासळीच्या दुकानांसाठी बिलिंगचा प्रोग्राम आहे. सी++, क्यूटी ५.१५ (खिडक्या-बटणांची लायब्ररी), मागे मायएसक्यूएल ८ चा सर्व्हर. म्हापसा, वाळपई आणि काणकोण मिळून अकरा काउंटर. यंत्रांची सरमिसळ: उबुंटू २०.०४, उबुंटू २२.०४ आणि डेबियन १२. वाळपईच्या पुढे पावसात नेटचा भरवसा धरता येत नाही, म्हणून यंत्रावर काहीही डाउनलोड न करता सगळे पेनड्राईव्हवरून बसवायचे आहे, तेही चवथीची गर्दी सुरू व्हायच्या आत.

आतापर्यंत केलेले: उबुंटू २२.०४ वर बिल्ड केले. प्रोग्राम आणि लिबक्यूएक्ससीबी (क्यूटीचे खिडकी उघडणारे प्लगिन) या दोहोंवर एलडीडी (लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देणारी आज्ञा) चालवून दिसलेल्या सगळ्या लायब्रऱ्या (लिनक्सची मूळ सी लायब्ररी जीलिबसी सोडून) 'लिब' फोल्डरमध्ये आणल्या. प्लॅटफॉर्म्स, इमेजफॉरमॅट्स, एसक्यूएलड्रायव्हर्स हे प्लगिन 'प्लगिन्स' फोल्डरमध्ये. 'बिन'मध्ये प्रोग्राम आणि क्यूटी.कॉन्फ. पॅचएल्फने (फाइलीतला लायब्ररी शोधायचा मार्ग बदलणारे साधन) प्रोग्रामला '$ओरिजिन/../लिब' दिले ('$ओरिजिन' म्हणजे ती फाइल असलेले फोल्डर).

अडचणी:
२०.०४ वर सुरूच होत नाही, 'व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड'.
डेबियन १२ वर 'नो क्यूटी प्लॅटफॉर्म प्लगिन कुड बी इनिशियलाइझ्ड'. फाइल जागेवर आहे, तरीही.
एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारे पर्यावरण-चल) लावणारी शेल स्क्रिप्ट केली तर डेबियनवर उघडतो, पण मदतीचे पान ब्राउझरमध्ये उघडत नाही आणि प्रिंटरची यादी रिकामी.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलवर अर्थात रोमनमध्ये.

फर्मागुडी
पहिल्या अडचणीपुरते. जीलिबसी मागच्या आवृत्त्यांवर बांधलेले प्रोग्राम सांभाळून घेते, पुढच्यांवर बांधलेले नाही. २२.०४ मध्ये ती २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. तुमच्या कोडमध्ये नवीन काही वापरलेले नसले तरी २.३४ मागितली जाते, कारण त्या आवृत्तीत पीथ्रेड आणि डीएल या वेगळ्या लायब्रऱ्या मुख्य लिबसीत विलीन झाल्या आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवा आवृत्ती-शिक्का मिळाला. २.३४ किंवा पुढच्या जीलिबसीवर बांधलेला चार ओळींचा प्रोग्रामही २०.०४ वर चालत नाही.

उपाय एकच: सगळ्यांत जुन्या जीलिबसीवर बांधायचे. तुमच्यासाठी डेबियन ११ चा कंटेनर (यंत्रातच वेगळी ठेवलेली दुसरी डिस्ट्रो) चपखल बसतो. जीलिबसी २.३१, म्हणजे २०.०४ इतकीच, आणि क्यूटी ५.१५.२ आयती मिळते. २०.०४ च्या स्वतःच्या भांडारात क्यूटी ५.१२.८ आहे, म्हणून तिथे बांधण्यात फायदा नाही. शिवाय डेबियन ११ ची लिबएसटीडीसी++ (सी++ ची मूळ लायब्ररी) जीसीसी १० ची, तिचा वरचा शिक्का जीलिबसीएक्सएक्स_३.४.२८. २०.०४ वर कंपायलर ९ चा असला तरी लिबएसटीडीसी++ चे पॅकेज १० चेच आहे, त्यामुळे तीही सोबत द्यायची गरज उरत नाही.

पॉडमनने कंटेनर उघडा, सोर्सचे फोल्डर आत जोडा, आत सीमेक चालवा. बिल्ड झाल्यावर 'ऑब्जडंप -टी' चा निकाल 'ग्रेप जीलिबसी_' आणि 'सॉर्ट -व्ही' मधून काढा आणि शेवटची ओळ बघा. हे फक्त प्रोग्रामवर नाही, लिब आणि प्लगिन्समधल्या प्रत्येक फाइलीवर करा. एकच लायब्ररी चुकून २२.०४ वरून आली तरी सगळे अडते.

जीलिबसी स्वतः सोबत न दिल्याबद्दल बरे केलेत. लोडरचा (प्रोग्राम सुरू होताना लायब्रऱ्या शोधून जोडणारा भाग) पत्ता प्रोग्राममध्ये पूर्ण मार्गासह कोरलेला असतो आणि लोडर व लिबसी एकाच आवृत्तीचे लागतात. लिबसी तुमची आणि लोडर यंत्राचा, अशी जोडी लागलीच पडते.

सुरंगी
दुसरी अडचण सगळ्यांत जास्त छळते, म्हणून सविस्तर लिहिते.

लोडर लायब्ररी शोधतो तो क्रम असा (आरपाथ आणि रनपाथ हे फाइलीतच लिहिलेले शोधमार्ग): मागणाऱ्या फाइलीतला आरपाथ (तिच्यात रनपाथ नसेल तरच), मग एलडी_लायब्ररी_पाथ, मग रनपाथ, मग एलडीकॉन्फिगने केलेला कॅश, शेवटी यंत्राची नेहमीची लिब फोल्डरे.

हल्लीचा पॅचएल्फ 'सेट-आरपाथ' म्हटले तरी रनपाथ लिहितो. उबुंटूचा लिंकरही तेच करतो. दोहोंतला खरा फरक क्रमाचा नाही, वारशाचा आहे. आरपाथ पुढच्या पिढ्यांना मिळतो: प्रोग्रामचा आरपाथ त्याने मागितलेल्या लायब्रऱ्यांनी आणखी काय मागितले त्यालाही लागू होतो. रनपाथ फक्त त्या एका फाइलीच्या थेट मागण्यांपुरता असतो.

आता तुमच्या बाबतीत काय घडते ते बघा. प्रोग्राम विजेट्स, गुई, कोअर थेट मागतो, ते 'लिब'मधून मिळतात. मग क्यूटी लिबक्यूएक्ससीबी उघडते. या प्लगिनला लिबक्यूटी५एक्ससीबीक्यूपीए हवी. गुई आणि कोअर आधीच स्मृतीत आहेत, सोनेम (लायब्ररीचे आवृत्तीसह अंतर्गत नाव) जुळले की लोडर पुन्हा शोधत नाही. पण एक्ससीबीक्यूपीए कोणीच उघडलेली नाही. मागणारी फाइल प्लगिन, तिच्यात रनपाथ नाही (डिस्ट्रोच्या पॅकेजमधून उचललेली), प्रोग्रामचा रनपाथ तिला लागू नाही. लोडर यंत्राच्या फोल्डरांत जातो, तिथे क्यूटीच नाही. लायब्ररी 'लिब'मध्ये बसून आहे आणि कोणी तिकडे बघत नाही.

दुरुस्ती: प्रत्येक फाइलीला तिच्या जागेवरून रनपाथ द्यायचा.

बिनमधल्या प्रोग्रामला '$ओरिजिन/../लिब'.
लिबमधल्या प्रत्येक लायब्ररीला '$ओरिजिन'.
प्लगिन्स/प्लॅटफॉर्म्स आणि तिच्या शेजारच्या फोल्डरांतल्या प्रत्येक प्लगिनला '$ओरिजिन/../../लिब'.

'फाइंड' ला '-टाइप एफ' देऊन चालवा, म्हणजे सिमलिंकवर पॅचएल्फ पुन्हा पुन्हा फिरणार नाही. स्ट्रिप (फाइलीतली डीबगची माहिती काढणे) करायचे असेल तर पॅचएल्फच्या आधी करा. पॅचएल्फच्या जुन्या आवृत्त्यांनंतर स्ट्रिप चालवला की फाइल मोडते आणि लोडर 'ईएलएफ लोड कमांड… नॉट प्रॉपर्ली अलाइन्ड' म्हणतो.

'रीडएल्फ -डी' ने खात्री करा. तिथे '$ओरिजिन' ऐवजी नुसते 'रिजिन/../लिब' दिसले तर मेकफाइलने डॉलर आणि ओ गिळला, तिथे दोन डॉलर हवेत. '/../लिब' उरले असेल तर शेलने दुहेरी अवतरणात सगळा शब्द रिकामा केला, एकेरी अवतरण वापरा. सीमेकमध्ये सीमेक_इन्स्टॉल_आरपाथ ला महिरपी कंसाशिवाय '$ओरिजिन/../लिब' दिले की पुरते, पण ते 'इन्स्टॉल' पायरीनंतरच लागते. बिल्ड फोल्डरमधून फाइल थेट उचलली तर तुमच्याच यंत्राचे पत्ते त्यात राहतात.

कुळागर
@सुरंगी, 'फोर्स-आरपाथ' देऊन एकट्या प्रोग्रामलाच जुना आरपाथ दिला तर? चाळीस फाइलींना हात लावण्यापेक्षा सोपे नाही का?

सुरंगी
डिस्ट्रोच्या क्यूटीबरोबर चालेल. पण मागणाऱ्या फाइलीत स्वतःचा रनपाथ असेल तर तिच्या मागण्यांसाठी लोडर वरचा आरपाथ बघतच नाही. क्यूटीच्या अधिकृत बिल्डमधल्या फाइलींत रनपाथ असतो. म्हणजे उद्या क्यूटीचा उगम बदलला की तीच चूक वेगळ्या जागी उगवणार. आणखी एक, आरपाथ एलडी_लायब्ररी_पाथच्याही आधी येतो, त्यामुळे तपासणीसाठी दुसरी लायब्ररी तात्पुरती पुढे करता येत नाही. चाळीस फाइली म्हणजे लूपच्या तीन ओळी. मी प्रत्येक फाइलीला रनपाथ देण्याच्याच बाजूची.

आल्तिनो_टर्मिनल
अंदाज बांधत बसू नका, लोडरलाच विचारा. 'एलडी_डीबग=लिब्स' लावून प्रोग्राम चालवला की प्रत्येक लायब्ररी कुठे कुठे शोधली ते ओळीओळीने येते आणि पुढे 'रनपाथ फ्रॉम फाइल अमुक' असेही लिहिलेले असते. खूप मजकूर येतो, म्हणून एलडी_डीबग_आउटपुट ला फाइलीचे नाव द्या. प्लगिनसाठी 'क्यूटी_डीबग_प्लगिन्स=१'. 'प्लगिन कुड बी इनिशियलाइझ्ड' हा निरोप मोघम आहे, खरे कारण या दुसऱ्या नोंदीत 'कॅनॉट लोड लायब्ररी' च्या ओळीत असते.

एलडीडीवर विसंबून यादी करू नका. जे डीएलओपनने (प्रोग्राम चालू असताना लायब्ररी उघडणारे फंक्शन) उघडले जाते ते एलडीडीला दिसत नाही. प्रत्येक प्लगिन म्हणजे डीएलओपनच. प्रोग्राम चालू असताना त्याच्या प्रोसेसची 'मॅप्स' फाइल उघडा, प्रत्यक्षात कुठली लायब्ररी कुठून आली ते तिथे छापलेले असते. छपाई, निर्यात, चित्र जोडणे असे प्रत्येक काम एकदा करून मगच ती यादी घ्या.

तिसवाडी
तिसरी अडचण. एलडी_लायब्ररी_पाथ पर्यावरणात राहतो आणि प्रोग्रामने सुरू केलेल्या प्रत्येक पोराकडे जातो. मदतीचे पान उघडताना क्यूटी 'एक्सडीजी-ओपन' चालवते, ते पुढे यंत्रावरचे 'जिओ' आणि ब्राउझर. त्यांना तुमच्या 'लिब'मधली २२.०४ ची जीलिब (डेस्कटॉपच्या साधनांची लायब्ररी, जीलिबसी नव्हे) मिळते, डेबियन १२ च्या साधनांना त्यांची स्वतःची नवी हवी असते. परिणाम, 'अनडिफाइन्ड सिंबल', आणि तोही खिडकीत न दिसणारा. सुरंगीताईंनी सांगितलेले रनपाथ लावलेत की स्क्रिप्टची गरजच संपते. ती काढून टाका.

याच्याशी जोडलेला मुद्दा: 'लिब'मध्ये तुम्ही फार भरले आहे. यंत्राचेच वापरायचे असे गट:

जीलिबसीचे कुटुंब, म्हणजे लिबसी, लिबएम, पीथ्रेड, डीएल, आरटी, रिझॉल्व्ह.
लिबजीएल, ईजीएल, लिबडीआरएम. ही ग्राफिक कार्डाच्या ड्रायव्हरशी बांधलेली.
लिबएक्स११ आणि लिबएक्ससीबी.
फाँटकॉन्फिग आणि फ्रीटाइप. सोबतची जुनी फाँटकॉन्फिग यंत्राची नवी कॉन्फिग फाइल वाचताना अडते आणि देवनागरीऐवजी चौकोन दिसतात.
लिबअसाउंड, डीबस, कप्स.

लिबएसटीडीसी++ बद्दल विशेष. तुमची जुनी प्रत आधी उघडली गेली आणि यंत्रावरचा मेसा (ग्राफिक्सचा) ड्रायव्हर नव्या प्रतीवर बांधलेला असला की ड्रायव्हर उघडत नाही, 'मेसा-लोडर: फेल्ड टू ओपन'. आज डेबियन १२ वर चालणारा संच उद्या नव्या यंत्रावर काळी खिडकी दाखवतो तो यामुळे.

याउलट एक्ससीबीची लहान भावंडे सोबत द्या: आयसीसीसीएम, इमेज, कीसिम्स, रेंडर-युटिल, झिनेरामा आणि एक्सकेबीकॉमन-एक्स११. हलक्या डेस्कटॉपवर ती नसतात. पुढे क्यूटी ६.५ वर जाल तेव्हा एक्ससीबी-कर्सरही लागेल, तिच्याशिवाय एक्ससीबीचे प्लगिन उघडत नाही.

फर्मागुडी
+१. क्यूटीच्या संचात सर्वांत जड असते ती आयसीयू (युनिकोड आणि भाषांची लायब्ररी), तिची डेटा फाइल एकटीच पंचवीस-तीस एमबी. आकार बघून काढू नका, क्यूटी५कोअर तिच्यावर बांधलेली असते. शिवाय सोनेममध्येच आवृत्ती असल्यामुळे दुसऱ्या आवृत्तीची आयसीयू चालत नाही. ती सोबत द्यायचीच.

सुरंगी
प्रिंटरची यादी रिकामी आहे ती स्क्रिप्टमुळे नव्हे. 'प्रिंटसपोर्ट' फोल्डर राहिले आहे. त्यात कप्सचे प्लगिन असते, ते नसेल तर क्यूटी कसलीही तक्रार न करता रिकामी यादी देते. बिलिंगच्या प्रोग्राममधून हमखास सुटणारी आणखी काही:

'प्लॅटफॉर्मइनपुटकॉन्टेक्स्ट्स'. हे आपल्याकडे नसून चालतच नाही. आयबसवरून (भारतीय भाषा टंकायची सोय) कोंकणी किंवा मराठी टंकणारा गिऱ्हाइकाचे नाव लिहायला बसला की या प्लगिनशिवाय फक्त रोमन अक्षरे उमटतात. त्याला लिबक्यूटी५डीबस लागते. एफसीआयटीएक्स (तशीच दुसरी सोय) वापरत असतील तर तिचे प्लगिन क्यूटीबरोबर येत नाही, वेगळे घ्यावे लागते. इन्स्क्रिप्ट थेट कीबोर्डच्या मांडणीतून लावली असेल तर या प्लगिनवाचूनही चालते. म्हणून एका काउंटरवर टंकता येते आणि दुसऱ्यावर नाही, असे झाले तर आधी तिथली टंकायची पद्धत कुठली ते विचारा.

'आयकॉनइंजिन्स' आणि इमेजफॉरमॅट्समधले एसव्हीजी. दोन्ही नसतील तर बटणे कोरी.

'एक्ससीबीजीएलइंटिग्रेशन्स', जर ओपनजीएलची खिडकी असेल तर.

दूधसागर
मायएसक्यूएल ८ म्हटलेत म्हणून. डेबियनचे क्यूटी-मायएसक्यूएल प्लगिन लिबमारियाडीबीवर (डेटाबेस सर्व्हरशी बोलणारी मारियाडीबीची लायब्ररी) बांधलेले असते, आणि लिबमारियाडीबीला स्वतःचे प्लगिन असतात! मायएसक्यूएल ८ लॉगिनसाठी मुळात 'कॅशिंग_शा२_पासवर्ड' वापरते, त्याची .एसओ फाइल 'लिबमारियाडीबी३/प्लगिन' या फोल्डरमध्ये असते आणि तिचा पूर्ण मार्ग लायब्ररीत बिल्डच्या वेळी कोरला जातो. नव्या यंत्रावर ते फोल्डर नसते. निरोप येतो, 'प्लगिन कॅशिंग_शा२_पासवर्ड कुड नॉट बी लोडेड'. लोक पासवर्ड बदलत बसतात, चूक तिथे नसते.

ते फोल्डर संचात घ्या, आतल्या फाइलींवर एलडीडी काढा, त्यांनाही रनपाथ द्या. मग मेनमध्ये डेटाबेसची जोडणी करण्याआधी 'क्यूपुटएन्व्ही' ने मारियाडीबी_प्लगिन_डीआयआर ला ॲप्लिकेशनच्या फोल्डरवरून काढलेला मार्ग द्या. सर्व्हरवर त्या खात्याची लॉगिनची पद्धत जुनी करणे हा दुसरा मार्ग आहे, पण सुरक्षा कमी करून पॅकेजिंगची चूक झाकू नये.

म्हापसा_काउंटर
खूप उलगडा झाला. दूधसागर यांनी सांगितलेला निरोप डेबियनवर हुबेहूब येत होता, तो लिहायचा राहिला होता. आणखी एक: वजनकाट्याचे वाचन आमच्या स्वतःच्या प्लगिनमध्ये आहे (काट्यागणिक एक .एसओ, क्यूप्लगिनलोडरने उघडतो). तो उघडतो, पण 'वजन घ्या' दाबले की काही काट्यांवर 'सिंबल लुकअप एरर' देऊन प्रोग्राम बंद पडतो.

आल्तिनो_टर्मिनल
प्लगिन उघडताना फंक्शने लगेच जुळवली जात नाहीत, पहिल्यांदा हाक मारली की जुळवतात. म्हणून उघडणे यशस्वी आणि बटणावर मरण. 'एलडी_बाइंड_नाऊ=१' लावून चालवा, उघडतानाच नाव घेऊन तक्रार येईल. कोडमध्ये 'रिझॉल्व्हऑलसिंबल्सहिंट' कायमचे लावा आणि 'एररस्ट्रिंग' नोंदवहीत लिहा.

कारण बहुतेक दोनांपैकी एक. प्लगिन मुख्य प्रोग्राममधले फंक्शन वापरतो, पण प्रोग्रामने ते बाहेर दाखवलेले नाही. सीमेकमध्ये प्रोग्रामला 'एनेबल_एक्सपोर्ट्स' लावा. नाहीतर प्लगिन लिंक करताना एखादी लायब्ररी, बहुधा सिरीयलपोर्ट, सांगायचीच राहिली. सामायिक कोड वेगळ्या शेअर्ड लायब्ररीत काढून प्लगिनच्या लिंकरला '--नो-अनडिफाइन्ड' दिलेत तर हा दोष दुकानात नव्हे, बिल्डमध्येच कळतो. सामायिक कोड स्टॅटिक लायब्ररी म्हणून प्रोग्राम आणि प्लगिन दोहोंत घालू नका. मग सेटिंगच्या दोन प्रती होतात आणि एकीत बदललेला पोर्ट दुसरीला कळत नाही.

कुळागर
एवढ्या खटपटीपेक्षा ॲपइमेज किंवा फ्लॅटपॅक का नको?

तिसवाडी
कुळागर बाब, ॲपइमेज म्हणजे हेच फोल्डर एका फाइलीत. वर लिहिलेली एकही चूक ती आपोआप दुरुस्त करत नाही. लिनक्सडिप्लॉय आणि त्याचे क्यूटीचे प्लगिन बरेच रनपाथ लावून देतात, तेवढे काम वाचते, पण मारियाडीबीच्या पोटातले प्लगिन तुम्हालाच घालावे लागतात. शिवाय जुन्या पद्धतीच्या ॲपइमेजला लिबफ्यूज२ लागते आणि उबुंटू २२.०४ पासून ती आधीपासून बसवलेली नसते. '--ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन' ने चालते, मात्र दर वेळी फाइली सुट्या होत असल्याने सुरू व्हायला उशीर लागतो.

फ्लॅटपॅक तांत्रिकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ, कारण खालचा सगळा पाया ठरलेला. पण तो पाया शेकडो एमबीचा, आणि सिरीयल पोर्टसाठी परवानगी उघडावी लागते. 'फ्लॅटपॅक क्रिएट-यूएसबी' ने पेनड्राईव्हवर नेता येतो हे खरे. अकरा यंत्रांसाठी मी '/ऑप्ट' मध्ये साधे फोल्डरच ठेवीन.

दूधसागर
पेनड्राईव्हवरून नेताना फोल्डर जसेच्या तसे टाकू नका. तो फॅट३२ किंवा एक्सफॅट असतो, त्यावर सिमलिंक आणि चालवण्याची परवानगी दोन्ही टिकत नाहीत. .एसओ.५ हे नाव .एसओ.५.१५.२ कडे बोट दाखवणारा सिमलिंक असतो, तो गेला की लायब्ररी असून नसल्यासारखी. टार.जीझेड करून न्या, सोबत शा२५६सम ची फाइल, दुकानातल्या यंत्रावर आधी पडताळा आणि मग '/ऑप्ट' मध्ये उलगडा.

परवान्याचेही: क्यूटी एलजीपीएलखाली वापरत असाल तर परवान्याची प्रत संचात हवी आणि लायब्ररी बदलण्याची मुभा हवी. सुट्या .एसओ फाइली असल्याने दुसरी अट आपसूक पुरी होते.

फर्मागुडी
चाचणी कुठे करता ते महत्त्वाचे. बिल्डच्या यंत्रावर क्यूटी बसवलेली असते, तिथे काहीही चालते. क्यूटी नसलेल्या डेबियन १२ च्या व्हर्च्युअल मशीनवर, नेट बंद करून बघा. कंटेनरमध्ये बघणार असाल तर 'ऑफस्क्रीन' प्लॅटफॉर्म लावू नका, तेव्हा लिबक्यूएक्ससीबी उघडलीच जात नाही आणि तुमचा मूळ दोष लपतो. 'एक्सव्हीएफबी-रन' (खोटा पडदा पुरवणारी आज्ञा) वापरा. उलट बाजूही तपासा: यंत्रावर आधीच दुसरी क्यूटी असेल तर. क्यूटी.कॉन्फ चुकली किंवा क्यूटी_प्लगिन_पाथ कुठे लावलेला असला की यंत्राचे प्लगिन तुमच्या क्यूटीत शिरतात आणि 'कॅनॉट मिक्स इनकंपॅटिबल क्यूटी लायब्ररी' येते. क्यूटी.कॉन्फमध्ये 'पाथ्स' खाली प्रीफिक्स '..' आणि प्लगिन्स 'प्लगिन्स' एवढेच असू द्या.

म्हापसा_काउंटर
डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये बांधले. लिबमधून जीएल, एक्स११, फाँटकॉन्फिग, लिबएसटीडीसी++ काढल्या. सगळ्या फाइलींना जागेप्रमाणे रनपाथ. प्रिंटसपोर्ट, इनपुटकॉन्टेक्स्ट, आयकॉनइंजिन्स आणि मारियाडीबीचे फोल्डर घातले. शेल स्क्रिप्ट काढली. तिन्ही डिस्ट्रोंवर उघडतो, प्रिंटर दिसतात, कोंकणी टंकता येते, मदतीचे पान उघडते. काट्याच्या प्लगिनमध्ये सिरीयलपोर्ट लिंक करायचे राहिले होते.

एकच उरले. काणकोणच्या एका यंत्रावर 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज', लिबक्यूटी५विजेट्स सापडत नाही. तोच टार, शा२५६सम जुळतो, रीडएल्फमध्ये रनपाथ बरोबर.

सुरंगी
त्या यंत्रावर प्रोग्रामवर 'गेटकॅप' चालवून बघा. सिरीयल पोर्ट उघडावा म्हणून कोणी 'सेटकॅप' किंवा सेटयूआयडी (प्रोग्रामला जादा अधिकार देणाऱ्या सोयी) लावले असेल तर लोडर सुरक्षित पद्धतीत जातो. त्यात एलडी_लायब्ररी_पाथ दुर्लक्षित होतो आणि '$ओरिजिन' असलेला मार्गही, तो यंत्राच्या विश्वासू फोल्डरांत जात नसेल तर.

म्हापसा_काउंटर
नेमके तेच, सेटकॅप लावलेले होते. 'सेटकॅप -आर' ने काढले, वापरकर्त्याला 'डायलआउट' गटात घातले, एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन केले. प्रोग्राम उघडला आणि काटाही वाचतो. सगळ्यांना देव बरें करूं.